जलकंपेश्वराचा कौल

मळेवाडीच्या शंभूराज सुभेदारांनी उभ्या जन्मात एकच मोठी वस्तू स्वतःच्या पसंतीने घेतली, आणि नेमकी तीच हलायला लागली.

वस्तू म्हणजे लोखंडी पाइप. मळेवाडी पलूस तालुक्यातली, कृष्णेच्या काठाची. उसाला नदीचं पाणी उचलून देणारी गावाची सहकारी पाणीपुरवठा संस्था आहे आणि फौजेतून पेन्शनीत आल्यापासून सुभेदार तिचे चेअरमन. काठावरची जुनी विहीर गाळाने भरली तेव्हा त्यांनी सरळ पात्रातच काँक्रीट ओतून एक उंच, गोल, गुळगुळीत पाइप उभा रोवून घेतला. आत पाणी उपसायची मोटर, निम्मा पाइप पाण्याखाली, निम्मा वर. "फौजेत पूल बांधलेत आमी, ह्यो तर नुसता पाइप," असं ते येईल त्याला सांगत. सुभेदारांची सगळी नोकरी इंजिनिअर पलटणीच्या भांडारात तंबू आणि ताडपत्र्या सांभाळण्यात गेली होती. पण पलटणीने पूल बांधले होते हे खोटं नव्हतं, आणि पलटणीत सुभेदार होते हेही खोटं नव्हतं. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की तिसरी आपोआप खरी वाटायला लागते, हे त्यांना फार लवकर उमगलं होतं.

पहिले काही महिने पाइप ताठ उभा राहिला आणि सुभेदारही. मग उन्हाळ्यात खालच्या गावांसाठी कोयना धरणातून पाणी सुटलं, कृष्णा घाटाच्या दोन पायऱ्या चढली आणि पाइप थरथरायला लागला. आधी हाताला जाणवेल एवढंच, मग डोळ्यांना दिसेल असं. त्याचं वरचं टोक वीतभर इकडे, वीतभर तिकडे हेलकावे खाऊ लागलं.

संस्थेची सभा बसली ती याच विषयावर. भाऊसो म्हणजे सुभेदारांच्या आधीचा चेअरमन. निवडणूक हरल्यापासून तो सभेत पहिल्या रांगेत बसायचा आणि चहा घ्यायचा नाही.

"सुभेदार, पाइप लटलट कापतोय," भाऊसो उभा राहून म्हणाला. "हलका माल घेतलासा का?"

"माल चांगला हाय. पाण्याच्या रेट्यानं हलतोय."

"रेटा खाली सांगलीकडं हाय. आन पाइप हलतोय या काठावनं त्या काठाला. रेट्यानं हलला असता तर पुढं-मागं हलला असता. आडवा का हलतोय?"

प्रश्न बरोबर होता. गेले चार दिवस सुभेदारही घाटावर उभे राहून हाच विचार करत होते आणि उत्तर मिळत नव्हतं. सभेत शे-दीडशे माणसं एकदम गप्प झाली. चेअरमनकी अशा गप्प बसण्यातच जाते हे त्यांना ठाऊक होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी भाऊसोचाच प्रश्न उलटा करून त्याच्या अंगावर टाकला.

"मग तूच सांग की गड्या. पाणी उभं ढकलतंय आन पाइप आडवा हलतोय. पाणी हलवत न्हाई म्हणतूस. मग हलवतंय कोण?"

भाऊसो खाली बसला. शेवटी मागच्या बाकावरून गावातले सगळ्यात म्हातारे हरिबा उठले. त्यांनी आधी कानाच्या पाळ्यांना हात लावला.

"म्हसवडच्या जत्रंत म्या बघितलंय," ते म्हणाले. "सिद्धनाथाच्या भगताच्या अंगात आलं की त्यो असाच घुमतो. आडवा. पाइपाच्या अंगात आलंय, दुसरं काय न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर हळद-कुंकू सांडलेलं होतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी होडीतून जाऊन पाइपाला हार घातला. सुभेदारांनी आठवडाभर काहीच केलं नाही, फक्त कुणाला अडवलं नाही. मग त्यांनीच संस्थेच्या ठरावाने देवाचं नाव ठेवलं, श्री जलकंपेश्वर. कॉलेजातली पोरं त्याला पायपोबा म्हणायची, पण सुभेदार ऐकायला नाहीत एवढं बघून.

देव म्हटला की कौल आला. पाइपाच्या टोकाला पितळी घंट्या बांधल्या. ज्याला काही विचारायचं असेल त्याने घाटावर यायचं, चेअरमन म्हणून सुभेदारांनी नारळ फोडून प्रश्न मोठ्याने विचारायचा आणि उदबत्ती लावायची. उदबत्ती विझायच्या आत घंट्या वाजल्या तर होकार, नाही वाजल्या तर नकार. पद्धत सोपी होती आणि गावाला आवडली.

सुभेदार वर्षभर रोज घाटावर जात होते, त्यामुळे एक गोष्ट त्यांच्याच लक्षात आली. पाणी अमुक उंचीवर असलं की पाइप घुमतो. त्याहून खाली गेलं की मुकाट उभा राहतो, आणि पार वर चढलं तरी मुकाट उभा राहतो. महापुरात तर ढिम्म हलला नाही. तेव्हा पुरात देव समाधी लावतो असं ठरलं. सुभेदारांनी घाटाच्या भिंतीवर, मोजमापासाठी म्हणून, एक तांबडी रेघ ओढून घेतली. पाणी रेघेला लागलं की होकार. त्यांचे साडू लालासाहेब पाटणला राहत, घर कोयनेच्या अगदी वरच. सुभेदार त्यांना वेळी-अवेळी फोन लावू लागले. "पावणं, पाणी कसं हाय?" एवढंच विचारायचे. लालासाहेबांना वाटायचं, माणसाला कोयनेची काय ही माया! पाटणला नदी चढली की दुसऱ्या दिवशी मळेवाडीत चढायची. ज्या प्रश्नाला होकार हवा तो सुभेदार त्या दिवशी ठेवत. ज्याला नकार हवा तो धरणातून सोडलेलं पाणी कमी झालं की.

पाण्याची नवी चारी सुभेदारांच्या रानाकडून न्यावी का? घंट्या वाजल्या. भाऊसोला वाढीव कनेक्शन द्यावं का? देव गप्प. चेअरमनची निवड बिनविरोध व्हावी का? त्या दिवशी तर घंट्यांनी कान बधिर केले. ज्या दिवशी देव घुमायचा त्या दिवशी ओळीने सगळ्यांनाच होकार मिळायचा. यावर एकदा कुणीतरी शंका काढली, तर हरिबा म्हणाले, देव एकदा प्रसन्न झाला की हात आखडता घेत नाही. गावातली कितीतरी लग्नं, दोन-चार वाटण्या आणि एक काडीमोड त्या घंट्यांवर ठरला. लोकांची मोठी सोय झाली होती. सुनेला माहेरी पाठवायचं नाही, भावाला वाट द्यायची नाही, असं आपल्या तोंडाने म्हणायची वेळच कुणावर येत नव्हती.

गंमत अशी की सुभेदार स्वतः रोज सकाळी आंघोळ करून पाइपाला हात जोडत, आणि मनापासून जोडत. तांबडी रेघ आपणच ओढली आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण रेघ ओढायची बुद्धी तरी कुणी दिली, असा विचार त्यांनी करून ठेवला होता.

या सगळ्यात त्यांची लेक संयोगिता फारशी गावात नव्हती. ती सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची, आणि शिकवायची तेही वाहत्या पाण्याबद्दलच. सुट्टीला आली की ती घाटावरची गर्दी बघायची आणि बोलायची नाही. एका रविवारी मात्र तिने आबांना घाटाच्या शेवटच्या पायरीवर नेऊन बसवलं, एक काठी पाण्यात उभी धरली आणि म्हणाली, "आबा, काठीच्या मागं बघा."

सुभेदारांनी बघितलं. काठीमागून छोटे छोटे भोवरे सुटत होते आणि खाली वाहत जात होते.

"एक डावीकडनं सुटतोय, एक उजवीकडनं. बरोबरीनं न्हाई, आळीपाळीनं. डावा सुटला की काठीला एकीकडं वढ बसती, उजवा सुटला की दुसरीकडं. हात लावून बघा."

त्यांनी काठी धरली. ती बोटात आडवी थरथरत होती.

"म्हणून पाणी उभं वाहिलं तरी वस्तू आडवी हलती," ती म्हणाली. "आन परतेक वस्तूचा आपला एक झोका असतो. भोवऱ्यांची लय आन त्यो झोका जुळला की पाइप नाचतो. पाळण्याला नेमक्या येळी बोट लावलं की पाळणा किती वर जातो? तसं. पाणी कमी असलं की भोवरे सावकाश, जादा असलं की घाईनं. मग जुळत न्हाई."

सुभेदारांना सगळं पहिल्या फटक्यात कळलं. हीच तर पंचाईत होती. न कळल्याचं सोंग घ्यायलाही त्यांना उसंत मिळाली नाही.

"थांबवायचं कसं?" त्यांनी हळूच विचारलं.

"जाड दोर तिरका येटाळायचा, खालपासनं वरपातूर. मग भोवरे एकजुटीनं सुटत न्हाईत. पाइप गप उभा ऱ्हाईल."

"हे कुणाला बोलू नगंस."

"न्हाई बोलत," ती म्हणाली. "माझं दुसरंच काम हाय तुमच्याकडं."

दुसरं काम म्हणजे मल्हार. तिच्याच कॉलेजात शिकवणारा, म्हसवडकडचा. त्याचे वडील अर्जुना पूर्वी मेंढरं राखायचे. थंडी सरली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे आणि खतासाठी रानारानात मेंढरं बसवायचे. सुभेदारांच्या स्वतःच्या रानातसुद्धा त्यांची मेंढरं दोन-तीन सालं बसली होती. आता त्यांची डाळिंबाची बाग होती आणि पोरगा पोरांना शिकवत होता.

मनात आलं ते सुभेदारांना लेकीपुढे म्हणवेना. आपल्या रानात पालं ठोकून राहणाऱ्या माणसाला व्याही म्हणून लोडाशी बसवायचं, गावापुढे! शेवटी ते म्हणाले, "म्हसवड लय लांब पडतंय."

निम्मी नोकरी लडाखात आणि निम्मी अरुणाचलात काढलेला माणूस हे म्हणत होता.

"आबा, पळून जायचं असतं तर कवाच गेली असते," संयोगिता म्हणाली. "मला तसं जायचं न्हाई. मला तुमचा होकार पायजे. तुमच्या तोंडचा."

होकारही नाही आणि नकारही नाही, असे तीन आठवडे गेले. लेकीला नाही म्हणायची सुभेदारांची छाती होत नव्हती. लहानपणी ती त्यांच्या टोपीत चिंचा साठवायची. सुट्टीवरून परत जाताना टोपीला आंबूस वास यायचा आणि तो जाऊ नये म्हणून ते टोपी धूत नसत. आणि हो म्हणायचं तर भाऊसोचं तोंड डोळ्यांपुढे यायचं. घरात त्यांच्या मंडळी, रंगूबाई, भाकरी ताटात ठेवण्याऐवजी टाकू लागल्या. एक दिवस त्याच म्हणाल्या, "आवं, समद्या गावाचं देवाला इचारता. मग आपल्याच पोरीचं का न्हाई?"

सुभेदारांनी घास तसाच धरून ठेवला. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही! नाही म्हणायचं काम पाइपाने केलं असतं आणि लेकीने रुसायचं तर पाइपावर रुसावं. त्यांनी हात धुतला आणि पाटणला फोन लावला.

लालासाहेब म्हणाले, पाणी चढतंय. सुभेदार थांबले. मग पुढच्या फोनात लालासाहेब म्हणाले, आज धरणातलं पाणी निम्म्यावर आणलं, पात्रातले दगड उघडे पडायला लागले. सुभेदारांनी लगोलग दुसऱ्या दिवसाचा कौल जाहीर केला, म्हसवडला निरोप धाडला आणि लेकीलाही बोलावून घेतलं.

शिवाय सांगलीच्या तांबटाकडून देवाचा मुखवटा तयार होऊन आलेला होता. भरीव पितळेचा, मिशा पिळलेल्या, वर फेटा. दोन गड्यांना तो उचलत नव्हता. सुभेदारांनी विचार केला, हाही उद्याच चढवावा. मोठ्या थाटात मिळालेल्या नकारावर कुणी शंका घेत नाही. आणि पाणी चुकून बोटभर जास्त असलंच, तर डोक्यावर एवढं वजन पडल्यावर पाइप काय हलणार? भांडारात जे काही वाऱ्याने फडफडायचं त्याच्यावर एक पोतं टाकलं की ते गप्प होतं, हा त्यांच्या सगळ्या नोकरीचा अनुभव होता.

सकाळी वाजतगाजत मुखवटा होडीतून नेला आणि साखळीने ओढून पाइपाच्या टोकावर बोल्टांनी आवळला. सुभेदारांनी रेघ बघून घेतली. पाणी तिच्याखाली चांगलं हातभर होतं, अजून ओसरत होतं, आणि देव मुकाट उभा होता. त्यांचा जीव भांड्यात पडला.

अर्जुना आणि मल्हार आले. अर्जुनांनी तांबडा पटका बांधला होता आणि घाटाच्या पायरीला हात लावून ते खाली उतरले. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे सुभेदारांच्या तोंडात साखर विरघळली होती.

"या, या, पावणं! प्रवासात तरास न्हाई न्हवं झाला? च्या घ्या आधी."

"तुमच्या रानात लय दीस काढलेत सुभेदार," अर्जुना म्हणाले. "आईसाब भाकरी द्यायच्या आमाला, कालवण घालून. इसरलो न्हाई." आणि त्यांनी सुभेदारांच्या मेलेल्या आईच्या नावाने नदीकडे बघून हात जोडले. माणूस चांगला आहे, असं सुभेदारांच्या मनात येऊन गेलं. पण गाव जमलं होतं.

संयोगिता एसटीने सगळ्यांच्या शेवटी पोचली. तिने वर चढवलेला मुखवटा बघितला, मग पाणी बघितलं, मग परत मुखवटा बघितला आणि ओढणी तोंडावर धरून ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली. पोरगी रडायला लागली, असं सुभेदारांना वाटलं.

त्यांनी नारळ फोडला. "श्री जलकंपेश्वरा, माझी लेक संयोगिता मल्हारला द्यावी का?" आवाज त्यांनी मुद्दाम कातर ठेवला होता. उदबत्ती लागली. धुराची रेघ सरळ वर जात होती.

उदबत्ती अजून चतकोरही जळली नव्हती, तेव्हा एक घंटी किणकिणली.

वारं असेल, असं सुभेदारांना वाटलं. मग दुसरी वाजली. मग सगळ्या. पितळी मुखवटा फेट्यासकट एका बाजूला कलला, सावकाश परत आला, दुसऱ्या बाजूला कलला. असा हेलकावा पाइपाने कधीच घेतला नव्हता. पूर्वी तो थरथरायचा. आज तो डोलत होता.

"मान डोलावतोय!" हरिबा ओरडले. "आरं, देव मान डोलावतोय!"

ताशा वाजायला लागला. बायकांनी रंगूबाईंच्या तोंडात साखर कोंबली. भाऊसो सगळ्यात आधी सुभेदारांजवळ आला, त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "झाक व्याही मिळालं, सुभेदार! देवाचा शबुद!" आणि त्याच्या डोळ्यांत जी चमक होती ती बघून सुभेदारांचं डोकंच फिरलं.

"बंद करा त्यो ताशा!" ते ओरडले. "देव-बीव काय न्हाई त्यो! पाइप हाय पाइप! म्या आणलाय!"

ताशा थांबला. घंट्या तेवढ्या वाजत राहिल्या.

मग सुभेदार बोलले. एकाच्या हातातली काठी हिसकावून घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी सगळ्या गावाला भोवरे दाखवले. एक डावा, एक उजवा, आळीपाळीने. पाणी उभं वाहतं आणि वस्तू आडवी का हलते ते सांगितलं. पाळण्याचं सांगितलं. तांबडी रेघ का ओढली ते सांगितलं. पाणी कमी असलं की भोवरे सावकाश सुटतात, असं सांगता सांगता ते मुखवट्याकडे बघून थबकले आणि त्यांचा चेहरा उजळला. कारण पुढचं त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं.

"आरं, म्या त्याचं डोकं जड केलं!" ते म्हणाले. "भरल्या कणसाचं जोंधळ्याचं ताट सावकाश डुलतंय न्हवं? तसा ह्याचा झोका सावकाश झाला! आन पाणी कमी, म्हणून भोवरंबी सावकाश. दोन्ही जुळलं! मुखवटा नसता तर हलला नसता आज!"

मल्हारने नकळत मान हलवली. संयोगिताने ओढणी तोंडावरून काढली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकं सोपं करून तिच्या वर्गात तिलाही कधी सांगता आलं नव्हतं. बापाने खरं बोलावं म्हणून ती वर्षभर वाट बघत होती. तो ते आपल्याला नाही म्हणायला बोलत होता, हे तिला कळत होतं, तरीसुद्धा तिला त्याचा अभिमान वाटला.

"म्हंजे तुमास्नी ठावं हुतं," भाऊसो सावकाश म्हणाला.

सुभेदारांच्या हातातली काठी खाली आली.

"माझ्या कनेक्शनाला न्हाई कुणी म्हणलं? देवानं का तुमी?"

"आन माझ्या बांधाचं?" मागून कुणीतरी म्हणालं. "आन चारीचं?" तिसरा म्हणाला. "आन बिनइरोधाचं?"

सुभेदार गुडघाभर पाण्यात उभे होते. काठावर सगळं गाव होतं. आता खुर्ची गेली, पत गेली, उद्यापासून दाढीलासुद्धा पलूसला जावं लागणार, हे सगळं त्यांना एकदम दिसलं.

पण मग एक मजा झाली. ओरडणारी माणसं एकेक करून गप्प व्हायला लागली. ज्याने धाकट्या भावाला कौलावर वाट नाकारली होती, त्याला तो धाकटा भाऊ समोरच दिसला. ज्या सासवेने सून माहेरी पाठवली नव्हती, तिच्याकडे ती सून टक लावून बघत होती. देव नसला तर हे सगळं कुणी केलं, याचं उत्तर घरोघरी द्यावं लागणार होतं. भाऊसोनेही मनात हिशेब केला. चेअरमनकी आज ना उद्या आपल्याकडे यायचीच. पण देव नसलेली चेअरमनकी घेऊन करायचं काय?

पहिले हरिबाच पुढे झाले. "सुभेदारास्नी वाईट वारं लागलंय," ते म्हणाले. "भरल्या कौलात पाण्यात पाय घातला. देव घुमतोय आन ह्यांनी पाय घातला."

"वारंच लागलंय," भाऊसो म्हणाला. तो पायरीवर उतरला आणि अगदी मऊ आवाजात त्याने विचारलं, "सुभेदार, देव हाय का न्हाई?"

सुभेदारांनी गावाकडे बघितलं. एवढी माणसं आपण काय म्हणावं याची वाट बघत आहेत, आणि सगळ्यांना एकच उत्तर हवं आहे, हे त्यांना कळलं.

"हाय," ते म्हणाले.

"मग कौल मान्य?"

"मान्य."

ताशा पुन्हा कडाडला. कुणीतरी त्यांना हाताला धरून पाण्याबाहेर काढलं, कुणीतरी अंगारा लावला. अर्जुना मात्र होते तिथेच उभे होते, पटक्याचं टोक बोटात धरून. संयोगिता गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिने ताशेवाल्याला हात करून थांबवलं.

"आबा, हे व्हय कुणी म्हणलं? तुमी का पाइपानं?"

"आगं, देवानं म्हणलं तेच माझं..."

"मला पाइपाचं नगं. मला तुमचं पायजे हुतं. आता एकदा सांगा. व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा, पण तुमी म्हणा. न्हाई म्हणलासा तरी चालंल."

इतकं सोपं होतं ते. अर्जुनांचं मघाचं बोलणं सुभेदारांच्या काळजात अजून होतं, आणि पोरगाही त्यांना वाईट वाटला नव्हता. पण 'मी व्हय म्हणतो' म्हणायचं, तर गाव म्हणणार सुभेदारांनी आपल्या मर्जीने दिली. 'मी न्हाई म्हणतो' म्हणायचं, तर आत्ताच मान्य केलेला कौल मोडला. त्यांनी आत शोधलं तर होकारही सापडेना आणि नकारही सापडेना. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण त्या लाजेनेही उत्तर वर आलं नाही.

संयोगिता वाट बघून थकली. तिने वाकून अर्जुनांच्या पायाला हात लावला, मग आबांच्याही लावला.

"सोमवारी सांगलीत लगीन नोंदवणार हाय आमी," ती म्हणाली. "तुमी या. पर पाणी बघून येऊ नगासा."

ती मल्हारबरोबर पायऱ्या चढून गेली. मागून अर्जुना गेले. रंगूबाईंनी तोंडातली साखर गिळली, पदर खोचला आणि नवऱ्याकडे न बघता त्याही लेकीच्या मागे निघाल्या.

घाटावर देव अजून डोलत होता, इतका प्रसन्न तो कधीच झाला नव्हता, आणि असा दिवस वाया घालवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. भाऊसोने सुभेदारांच्या हातात नवा नारळ दिला आणि आधी आपल्या कनेक्शनाचं विचारून घेतलं. मग हरिबांनी नातवाच्या भरतीचं विचारलं. लोकांनी रांग लावली. सुभेदार नारळ फोडत राहिले, उदबत्त्या लावत राहिले, सगळ्यांना होकार मिळत राहिला.

हलवतंय ते पाणी आहे, हे त्यांच्याइतकं घाटावर कुणाला ठाऊक नव्हतं. तासाभरापूर्वी त्यांनीच ते सगळ्यांना समजावलं होतं. तरीसुद्धा हरिबांना हळूच म्हणाले, "माझा नारळ तेवढा तुमी फोडा," आणि स्वतः जाऊन रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहिले. सोमवारी सांगलीला जावं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

रांग मोठी होती. त्यांची पाळी आली तोवर पाणी आणखी ओसरलं होतं आणि घंट्या थांबल्या होत्या.